लिस्टेरियाची शेपटी: अ‍ॅक्टिनच्या जाळ्यातून गती कशी निर्माण होते, याचा एक प्रकरण अभ्यास

लिस्टेरिया मोनोसायटोजिनीस हा जेमतेम एक ते दोन मायक्रोमीटर लांबीचा दंडाकृती जिवाणू. तो यजमान पेशीत शिरतो, ज्या पुटिकेत कोंडला जातो तिचे पटल लिस्टेरिओलायसिन-ओ या प्रथिनाने फोडतो आणि पेशीद्रवात मोकळा होतो. त्यानंतर काही काळ तो जागचा हलत नाही, मात्र त्याच्याभोवती अ‍ॅक्टिन या पेशीच्या प्रथिनाच्या तंतूंचे एक दाट वेष्टन तयार होऊ लागते. पुढे हे वेष्टन एका बाजूला विरळ होते, दुसऱ्या टोकाला साचत जाते आणि त्याची लांबच लांब शेपटी होते. शेपटी तयार झाली की जिवाणू पेशीद्रवातून सरकू लागतो. त्याचा वेग सेकंदाला सुमारे ०.२ मायक्रोमीटर, म्हणजे पाच-दहा सेकंदांत स्वतःच्या लांबीइतके अंतर. शरीराच्या तापमानाला हा जिवाणू पोहण्यासाठी लागणाऱ्या कशाभिका जवळजवळ बनवतच नाही. मग त्याला पुढे ढकलते कोण?

पेशी स्वतः कशा सरपटतात हे समजून घेण्यासाठी एका जिवाणूचे प्रकरण निवडणे वरवर पाहता आडवळणाचे वाटेल. सरपटणाऱ्या पेशीच्या पुढच्या कडेला लॅमेलिपोडियम नावाचा पातळ पापुद्रा असतो आणि तोही अ‍ॅक्टिनच्या जाळ्यानेच पुढे रेटला जातो. परंतु तेथे पुढे रेटणे, पृष्ठभागाला चिकटणे, मागचा भाग आखडून घेणे आणि बाहेरून आलेल्या संदेशांनुसार दिशा बदलणे या चारही गोष्टी एकाच वेळी चालू असतात, आणि त्यांतले कोणते प्रथिन नेमके कशासाठी आहे याचा उलगडा करणे फार अवघड होते. लिस्टेरियाच्या बाबतीत यांपैकी फक्त पहिली गोष्ट उरते. चिकटण्याची गरज नाही, आखडण्याची नाही, संदेशाचीही नाही. अभ्यासकाला हवी असलेली विलगता येथे निसर्गानेच करून ठेवली आहे.

पहिले निरीक्षण

लुईस टिल्नी आणि डॅनियल पोर्टनॉय यांनी १९८९ मध्ये या जिवाणूच्या पेशीतील प्रवासाची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालील चित्रे प्रसिद्ध केली आणि हा विषय खऱ्या अर्थाने सुरू झाला. पुटिकेतून सुटका, अ‍ॅक्टिनचे वेष्टन, शेपटी, पेशीच्या कडेला बाहेर आलेले बोटासारखे टोक आणि ते टोक गिळणारी शेजारची पेशी, असा सगळा क्रम त्यांनी स्थिर चित्रांमधून जुळवला होता. सायटोकॅलेसिन-डी हे अ‍ॅक्टिनची वाढ रोखणारे द्रव्य दिले की जिवाणूंचा प्रसार थांबतो, पण त्यांची संख्या पेशीच्या आत वाढतच राहते, हेही दिसून आले. म्हणजे अ‍ॅक्टिन त्याच्या जगण्यासाठी नव्हे, केवळ प्रवासासाठी लागते.

शेपटीतील तंतूंची दिशा ओळखण्यासाठी एक जुनी युक्ती कामी आली. मायोसिन या प्रथिनाचा डोक्याकडचा तुकडा अ‍ॅक्टिनच्या तंतूवर बसवला की तो तिरका बसतो आणि तंतूवर एकापाठोपाठ एक बाणांची टोके काढल्यासारखी नक्षी दिसते. त्या नक्षीवरूनच तंतूच्या एका टोकाला ‘पॉइंटेड’ आणि दुसऱ्याला ‘बार्ब्ड’ अशी नावे पडली आहेत. दोन्ही टोकांना नवी एकके (या प्रथिनाचे सुटे रेणू) जोडली जाऊ शकतात, पण बार्ब्ड टोक कितीतरी जलद वाढते. लिस्टेरियाच्या शेपटीत ही जलद वाढणारी टोके जिवाणूच्या दिशेने होती. ही गोष्ट लहान दिसली तरी निर्णायक होती, कारण वाढ जिवाणूच्या पृष्ठभागाला लागूनच होत असावी असे तिने सुचवले.

या शेपटीला सर्रास ‘धूमकेतूची शेपटी’ म्हटले जाते. उपमा देखणी आहे, पण फसवी आहे. धूमकेतूची शेपटी त्याला ढकलत नाही आणि ती त्याच्या मार्गाच्या मागे नव्हे, तर सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते. येथे शेपटी हाच जोर आहे.

शेपटी चालते की थांबते?

स्थिर चित्रांवरून दोन शक्यता उरत होत्या. एक म्हणजे शेपटी अख्खी काठीसारखी पुढे सरकते आणि टोकाला असलेल्या जिवाणूला ढकलते. दुसरी म्हणजे शेपटी जागीच असते, तिच्यात फक्त जिवाणूच्या बाजूला नवा माल जोडला जातो आणि जिवाणू त्यापासून दूर जात राहतो. ज्युली थेरिऑट, टिमोथी मिचिसन, टिल्नी आणि पोर्टनॉय यांनी १९९२ मध्ये हा प्रश्न सोडवला. त्यांनी प्रकाश पडल्यावरच चमकू लागेल असा रंग लावलेले अ‍ॅक्टिन पेशीत सोडले आणि शेपटीवर प्रकाशाची एक अरुंद पट्टी टाकली. चमकू लागलेली ती खूण पेशीत आहे तेथेच राहिली. जिवाणू पुढे गेला, खूण आणि जिवाणू यांच्यातील अंतर वाढत गेले, आणि त्या अंतराच्या वाढीचा वेग जिवाणूच्या वेगाइतकाच होता. खूण हळूहळू मंदही होत गेली: अर्धी चमक जायला साधारण अर्धे मिनिट लागत होते आणि शेपटीच्या कोणत्याही भागात हा काळ सारखाच होता.

या एका प्रयोगातून दोन निष्कर्ष निघतात. जिवाणूचा वेग हा तंतूंच्या वाढीचाच वेग आहे. आणि शेपटीची लांबी म्हणजे वेग आणि तंतूंचे आयुष्य यांचा गुणाकार. जलद जाणाऱ्या जिवाणूची शेपटी लांब दिसते ती म्हणूनच, त्याच्या तंतूंमध्ये काही वेगळेपण असते म्हणून नव्हे.

येथे थोडा हिशेब करून पाहणे उपयोगाचे आहे. अ‍ॅक्टिनच्या तंतूत एक एकक वाढले की लांबी सरासरी २.७ नॅनोमीटरने वाढते. सेकंदाला ०.२ मायक्रोमीटर म्हणजे २०० नॅनोमीटर. तेव्हा शेपटीतील वाढत्या तंतूला सेकंदाला सुमारे ७४ एकके मिळाली पाहिजेत. बार्ब्ड टोकाला एकके जोडली जाण्याचा मोजलेला दर एक मायक्रोमोलर संहतीला सेकंदाला साधारण ११.६ इतका आहे. विरोधी भार अजिबात नाही असे धरले, तरी हा वेग टिकवण्यासाठी सहा मायक्रोमोलरहून अधिक मोकळी, वापरण्याजोगी एकके सतत हजर असावी लागतात. शुद्ध अ‍ॅक्टिन मात्र स्वतःच्या बळावर इतकी मोकळी एकके शिल्लक ठेवत नाही: नुसत्या अ‍ॅक्टिनच्या द्रावणात तंतू संतुलनाला पोहोचले की मोकळ्या एककांची संहती सुमारे ०.१ मायक्रोमोलरवर येऊन थांबते. त्या स्थितीत पॉइंटेड टोकाकडून एकके अतिशय सावकाश, काही सेकंदांना एक अशी सुटतात आणि बार्ब्ड टोकाला तितकीच लागतात. लिस्टेरियाची चाल यापेक्षा दोनशेपटींहून जलद आहे. हा फरक कोठून येतो, हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

पत्ता जिवाणूचा, साहित्य पेशीचे

अ‍ॅक्टिन हे ३७५ अमिनो आम्लांचे, ४२ किलोडाल्टन वजनाचे प्रथिन. दोन एकके एकत्र आली तर ती बहुतेक वेळा लगेच सुटतात, तीन आली तरी जोड कच्चीच असते. त्यापुढे मात्र तंतू भराभर वाढतो. म्हणजे अडचण वाढण्याची नाही, सुरुवात होण्याची आहे. पेशी या अडचणीचा फायदा घेते. प्रोफिलिन आणि थायमोसिन बीटा-४ यांसारखी प्रथिने मोकळ्या एककांना धरून ठेवतात, आपोआप सुरुवात होऊ देत नाहीत, आणि त्यामुळे भला मोठा साठा हाताशी असूनही तो भलत्या ठिकाणी खर्च होत नाही. सुरुवात कोठे होऊ द्यायची हे ज्याच्या हाती, त्याच्या हाती गती.

लिस्टेरियाने नेमकी हीच जागा पकडली आहे. १९९२ मध्ये त्याच्या पृष्ठभागावरील अ‍ॅक्ट-ए या प्रथिनाचे जनुक सापडले. ते काढून टाकलेला जिवाणू पेशीत शिरतो, पुटिका फोडतो, वाढतोही. पण त्याच्याभोवती अ‍ॅक्टिन जमत नाही आणि त्याची पिल्लावळ एकाच ठिकाणी गुच्छ करून राहते. उलट बाजूनेही पुरावा मिळाला. लिस्टेरिया इनोक्युआ या निरुपद्रवी भाईबंदाच्या अंगावर अ‍ॅक्ट-ए आणले, तेव्हा पेशीच्या अर्कात तोही शेपटी धरून चालू लागला. पुढे तर पॉलिस्टायरीनच्या सूक्ष्म मण्यांवर हे प्रथिन चढवले आणि निर्जीव मणीसुद्धा तसेच धावू लागले.

तरीही अ‍ॅक्ट-ए एकटे काहीच करू शकत नाही. शुद्ध अ‍ॅक्टिनच्या द्रावणात लिस्टेरिया ठेवला तर शेपटी येत नाही. मधला दुवा यजमान पेशीचाच आहे. लॉरा मॅकेस्की आणि थॉमस पोलार्ड यांच्या गटाला १९९४ मध्ये अमीबातून सात उपएककांचा एक समुच्चय मिळाला होता, ज्याला आज आर्प २/३ म्हणतात. मॅथ्यू वेल्च, मिचिसन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये रक्तातील बिंबाणूंपासून हाच समुच्चय वेगळा करून, लिस्टेरियाच्या पृष्ठभागावर अ‍ॅक्टिनची वाढ सुरू करणारा घटक तोच असल्याचे दाखवले. पुढच्याच वर्षी त्याची काम करण्याची रीत स्पष्ट झाली. आर्प २/३ मधील दोन उपएकके अ‍ॅक्टिनसारखीच दिसतात. ती शेजारी शेजारी आली की नव्या तंतूची पहिली दोन एकके तयार असल्यासारखेच होते आणि सुरुवातीचा अडथळा टळतो. नवा तंतू मात्र जुन्या तंतूच्या कुशीतून, सुमारे ७० अंशांच्या कोनात फुटतो. प्रत्येक फांदी पुढच्या फांदीला आधार देते, म्हणून जाळे स्वतःच स्वतःला दाट करत जाते.

आर्प २/३ स्वतःहून जवळजवळ निष्क्रिय असते. त्याला जागे करावे लागते. निरोगी पेशीत हे काम वास्प आणि वेव्ह या कुळांतील प्रथिने करतात आणि तीही स्वतः संदेश येईपर्यंत मिटलेली असतात. अ‍ॅक्ट-एच्या पुढच्या भागाची रचना या प्रथिनांच्या शेपटाकडील भागाशी कार्याने जुळणारी आहे, फक्त त्याला मिटून राहणे माहीत नाही. ते सतत उघडे असते. शिगेला हा दुसरा जिवाणू वेगळी वाट धरतो: तो आर्प २/३ ला थेट हात घालत नाही, तर आयसीएसए या आपल्या प्रथिनाने पेशीचे एन-वास्प हे वास्प कुळातील प्रथिन पकडून आणतो. जिवाणूने पेशीच्या यंत्रणेचे ‘अपहरण’ केले, असे अशा वेळी लिहिण्याची पद्धत आहे. मला तो शब्द जरा जास्तच नाट्यमय वाटतो. जिवाणू येथे यंत्रणा पळवून नेत नाही, तो तिला फक्त कामाचा पत्ता देतो; साहित्य, ऊर्जा आणि मांडणी सर्व काही पेशीचे असते.

वजाबाकीचा प्रयोग

१९९९ मध्ये थॉमस लॉइझेल, राजा बुजमा, डॉमिनिक पँटालोनी आणि मारी-फ्रान्स कार्लिए यांनी या यंत्रणेला खऱ्या कसोटीला लावले. पेशीचा अर्क वापरायचा नाही, एकेक शुद्ध प्रथिन मिसळायचे आणि जिवाणू चालतो का ते पाहायचे, असा हा प्रयोग होता. जिवाणू चालला. त्यासाठी लागलेले अपरिहार्य घटक फारच थोडे निघाले: अ‍ॅक्टिन, सक्रिय झालेले आर्प २/३, कोफिलिन, टोके झाकणारे कॅपिंग प्रथिन आणि इंधन म्हणून एटीपी. मायोसिनसारखे कोणतेही मोटर प्रथिन लागले नाही. प्रोफिलिनने वेग वाढला, अल्फा-अ‍ॅक्टिनिनने शेपटी ताठ झाली, व्हास्प या (वास्पहून वेगळ्या) प्रथिनाने लिस्टेरियाची चाल सुधारली. पण यांच्यावाचून गाडी अडली नाही.

या यादीतील कोफिलिनची गरज सहज पटते. तंतूत शिरलेल्या एककाला चिकटलेल्या एटीपीचे विघटन काही सेकंदांत होते, पण त्यातून निघालेले फॉस्फेट सुटायला शुद्ध अ‍ॅक्टिनमध्ये काही मिनिटे लागतात. फॉस्फेट गेले की तंतू ‘म्हातारा’ झाला असे समजावे. कोफिलिन अशा म्हाताऱ्या तंतूंना धरते, फॉस्फेटची सुटका जलद करते आणि तंतूंचे तुकडे पाडते. त्यामुळे शेपटीचा मागचा भाग विरघळतो आणि मोकळी झालेली एकके पुन्हा पुढे वापरता येतात. प्रोफिलिन त्यांच्यावरचा वापरलेला एडीपी बदलून नवा एटीपी बसवायला मदत करते. अर्ध्या मिनिटाचे ते आयुष्य येथून येते.

कॅपिंग प्रथिनाची गरज मात्र पहिल्या वाचनात खटकते. हे प्रथिन बार्ब्ड टोकावर टोपीसारखे बसते आणि त्या टोकाची वाढ बंद करते. वाढीतून गती निर्माण होत असेल, तर वाढ थांबवणारे प्रथिन काढून टाकल्यावर जिवाणू जास्त वेगाने जायला हवा. प्रत्यक्षात ते काढले की चाल बंद पडते, थोडे घातले की सुरू होते, वाढवत नेले की एका मर्यादेपर्यंत वेग वाढतो आणि त्यानंतर घटू लागतो.

याचे उत्तर हिशेबात आहे. टोपी नसेल तर द्रावणातील प्रत्येक तंतू वाढत राहील, मोकळी एकके सगळीकडे वाटली जातील आणि त्यांची संहती ०.१ मायक्रोमोलरपर्यंत घसरेल. मग जिवाणूला लागून असलेल्या टोकांना सेकंदाला ७४ तर सोडाच, एखाद-दुसरे एककसुद्धा धड मिळणार नाही. बहुतेक टोके झाकलेली असतील तर मोकळ्या एककांचा स्तर पॉइंटेड टोकांच्या संतुलनाकडे, म्हणजे सुमारे ०.६ मायक्रोमोलरकडे चढतो, कोफिलिनमुळे तो आणखी वर जातो, आणि जिवाणूजवळ नुकत्याच फुटलेल्या मोजक्या उघड्या टोकांना भरपूर पुरवठा होतो. धरणाचे बाकीचे दरवाजे बंद केले की उघड्या दरवाज्यातून पाणी जोराने येते, तसाच हा प्रकार. दुसरा फायदा ताठरपणाचा आहे. लवकर झाकले गेलेले तंतू आखूड राहतात आणि आखूड तंतू लांब तंतूसारखा वाकत नाही. ढकलण्यासाठी तोच हवा.

पुरवठ्याचे हे स्पष्टीकरण बरीच वर्षे पुरेसे मानले गेले. ऑर्कून अकिन आणि डायक मुलिन्स यांनी २००८ मध्ये त्यात महत्त्वाची दुरुस्ती केली. पृष्ठभागाजवळ आर्प २/३ ला नवी फांदी फोडण्यासाठीही अ‍ॅक्टिनची एकके लागतात आणि त्या एककांसाठी वाढती टोके तिच्याशी स्पर्धा करतात. काही टोके झाकली गेली की ती स्पर्धेतून बाद होतात आणि फांद्या अधिक फुटतात. त्यांच्या मते कॅपिंगमुळे वेग वाढतो तो मुख्यतः यामुळे. उरलेली टोके अधिक वेगाने वाढतात म्हणून नव्हे. दोन्ही स्पष्टीकरणांत एक गोष्ट समान आहे: जाळ्याची गती वाढ घडवून आणण्याइतकीच ती योग्य ठिकाणी थांबवण्यावर अवलंबून असते. लिस्टेरियाच्या अभ्यासाने पेशीविज्ञानाला दिलेली ही सर्वांत मोलाची शिकवण आहे असे मी मानतो, आणि अ‍ॅक्ट-एच्या शोधाच्या मानाने तिची चर्चा फारच कमी होते.

ढकलणे म्हणजे नेमके काय?

तंतूचे टोक जिवाणूला टेकलेले असेल, तर मध्ये नवे एकक शिरणार कसे? चार्ल्स पेस्किन, गॅरेट ओडेल आणि जॉर्ज ऑस्टर यांनी १९९३ मध्ये यासाठी ब्राउनियन रॅचेटची कल्पना मांडली. उष्णतेमुळे समोरचा अडथळा सतत थरथरत असतो; एखाद्या क्षणी फट पडते, तिच्यात एकक बसते, आणि अडथळ्याला पूर्वीच्या जागी परत येता येत नाही. ऑस्टर आणि अलेक्स मोगिल्नर यांनी १९९६ मध्ये तीत बदल करून, जिवाणूपेक्षा तंतूच वाकून फट पाडतो असे मांडले. मोकळ्या एककांची संहती संतुलनाच्या संहतीच्या साठपट असेल, तर या विचाराने एका तंतूला कमाल सहा पिकोन्यूटनच्या आसपास बल लावता येते. सेकंदाला ०.२ मायक्रोमीटर वेगाने पाण्यातून जिवाणू नेण्यासाठी पिकोन्यूटनचा काही सहस्रांश भागही पुरतो. पेशीद्रव कितीही दाट धरले तरी बल कमी पडत नाही.

मात्र स्कॉट कुओ आणि जेम्स मॅकग्रा यांनी २००० मध्ये चालत्या लिस्टेरियाची बारीक मोजणी केली, तेव्हा चित्र थोडे गुंतागुंतीचे झाले. जिवाणू मोकळा थरथरत नव्हता. शेजारच्या मेदाच्या थेंबांच्या तुलनेत त्याची थरथर सुमारे वीसपट कमी होती, आणि तो ५.४ नॅनोमीटरच्या टप्प्यांनी पुढे जात होता. तंतू दोन पदरांचा असतो आणि ५.४ नॅनोमीटर म्हणजे त्याच्या एका पदरातील दोन लागोपाठच्या एककांमधले अंतर. म्हणजे शेपटी जिवाणूला केवळ मागून टेकलेली नसते, ती त्याला धरूनही ठेवते. काही तंतू ढकलतात, तर काही तात्पुरते बांधलेले तंतू मागे ओढतात, आणि पुढे जाण्याचा वेग या ओढाताणीतून ठरतो.

पेशीच्या कडेशी तुलना

या प्रकरणातून लॅमेलिपोडियमबद्दल किती निष्कर्ष काढावेत? तातियाना स्वितकिना आणि गॅरी बोरिसी यांनी १९९९ मध्ये झेनोपस बेडकाच्या केराटोसाइट या त्वचेच्या पेशींच्या पुढच्या कडेची चित्रे घेतली, तेव्हा तेथेही फांद्यांचे दाट जाळे, आर्प २/३ आणि मागे मागे विरघळणारे तंतू असेच दृश्य होते. घटक तेच, क्रम तोच. फरक सुरुवातीच्या आदेशात आहे. पेशीच्या कडेला रॅक हे संदेशवाहक प्रथिन वेव्ह समुच्चयाला जागे करते, ते पटलाला चिकटून राहते आणि आदेश मागे घेता येतो. शिवाय तेथे जाळ्याला ताणलेले पटल रेटावे लागते आणि रेटताना जाळे स्वतः मागे घसरू नये म्हणून खालच्या पृष्ठभागाची पकड लागते. लिस्टेरियाच्या शेपटीला ही पकड पेशीद्रवातच मिळते.

प्रत्येक जिवाणू हाच नमुना वापरतो असेही नाही. रिकेट्सियाचे एससीए-२ हे प्रथिन फॉर्मिन या वेगळ्या कुळाप्रमाणे वागते आणि त्याच्या शेपटीत लांब, बिनफांद्यांचे तंतू असतात. ढकलण्यासाठी फांद्या लागतातच, असा नियम लिस्टेरियावरून काढणे चूक ठरेल.

लिस्टेरियाचा स्वतःचा प्रवास पेशीच्या कडेशी संपत नाही. पटलाला धडकल्यावरही शेपटी ढकलत राहते आणि पटलाचे एक लांब बोट बाहेर येते. शेजारची पेशी ते गिळते, आणि जिवाणू आता दोन पटलांच्या पुटिकेत असतो. या सगळ्या प्रवासात तो पेशीबाहेर आलेलाच नसल्यामुळे प्रतिपिंडांना सापडत नाही. अ‍ॅक्ट-ए नसलेल्या जिवाणूला हा मार्ग बंद असतो आणि उंदरांमध्ये त्याची घातकता सुमारे हजारपटीने घटते. अ‍ॅक्ट-ए असलेला जिवाणू मात्र दोन्ही पटले फोडतो, नव्या पेशीच्या पेशीद्रवात उतरतो, आणि या वेळी तिच्या अ‍ॅक्टिनचे वेष्टन त्याच्याभोवती जमू लागते.